विंडोज ७ चं अपडेट अडकलंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज ७ बाजारात आली २२ ऑक्टोबर २००९ ला. १४ जानेवारी २०२० ला मायक्रोसॉफ्टनं तिची फुकटची अपडेट थांबवली. तरी दुरुस्तीच्या टेबलावर ती अजून येतेच. कुणाकडे मराठी फॉण्टच्या जुन्या पॅकेजचं डोंगल (मशीनला लावायची परवान्याची किल्ली) फक्त तिच्यावर चालतं, कुणाचं पॅथॉलॉजीचं मशीन दुसऱ्या सिस्टीमशी बोलत नाही, कुणाचा प्लॉटर तर कुणाचा वजनकाटा. 'नवीन घ्या' हा सल्ला या लोकांना उगाच देऊ नये, त्यांनी तो शंभरदा ऐकलाय. हार्ड डिस्क बदलली, फॉरमॅट मारला, सेव्हन पुन्हा टाकली आणि आता अपडेट हलत नाही, अशी बहुतेकांची कथा असते. त्यांनी विचारलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे आहेत.

फाइलींची नावं आणि आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. कम्प्युटरवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

'चेकिंग फॉर अपडेट्स' असं लिहिलेली हिरवी पट्टी सकाळपासून फिरतेय. मशीन बिघडलं का?

बहुधा नाही. नव्यानं टाकलेल्या सेव्हनमध्ये ही पट्टी चार तास, आठ तास, कधी दीड दिवसही फिरते. आत काहीतरी चाललेलं असतं, फक्त ते पट्टीवर दिसत नाही. ती पट्टी किती काम झालं हे मोजतच नाही, नुसती फिरते. तिच्याकडे बघून निर्णय घेऊ नका.

मग अडकलंय की चाललंय, हे ओळखायचं कसं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तो सगळ्यात कमी विचारला जातो.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसेसच्या पानावर खाली 'सर्व युजर्सच्या प्रोसेस दाखवा' असं बटण असतं, ते दाबा. आता एसव्हीसी-होस्ट (विंडोजची पडद्यामागची कामं चालवणारा प्रोग्रॅम) नावाच्या बऱ्याच ओळी दिसतील. त्यातली एक बाकीच्यांपेक्षा फार फुगलेली असेल. मेमरी एक जीबीच्या पुढे आणि सीपीयू एकाच आकड्यावर टेकलेला. दोन कोअरच्या मशीनवर तो आकडा ५० च्या आसपास असतो, चार कोअरच्या मशीनवर २५ च्या. कारण अपडेटचं हे काम एकाच कोअरला धरून बसतं, बाकीचे कोअर हात बांधून बघत राहतात. हे चित्र दिसलं तर मशीन अडकलेलं नाही, हिशेब करतंय.

दुसरी खूण लॉगमध्ये, म्हणजे काय काय झालं त्याच्या नोंदवहीत मिळते. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये 'विंडोजअपडेट डॉट लॉग' नावाची साधी मजकुराची फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडून तळाशी जा. शेवटच्या ओळीची वेळ बघा, पाऊण तासानं फाइल पुन्हा उघडून बघा. ओळी वाढल्या असतील तर गाडी चालू आहे. सीपीयू शांत, डिस्कचा दिवा शांत आणि लॉगमध्ये दोन तास एकही नवी ओळ नाही, असं असेल तरच ते खरं अडकणं.

हे न बघता मधेच रिस्टार्ट मारणारे लोक तोच आठ तासांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. असं चारदा करून 'चार दिवस झाले, अपडेट होत नाही' म्हणणारे मी पाहिलेत. एकदा तर मी स्वतःही तेच केलंय.

पण एवढा वेळ कसला हिशेब चालतो?

शेतजमिनीचा जुना गट डोळ्यांसमोर आणा. आजचा सातबारा हातात नाही आणि मालक कोण हे शोधायचंय. मग पहिल्यापासूनचे सगळे फेरफार वाचावे लागतात: वारसानं आली, विकली, खातेफोड झाली, बोजा चढला, उतरला. प्रत्येक फेरफार आधीच्या एखाद्या नोंदीला रद्द करतो किंवा तिच्यात बदल करतो.

सेव्हनच्या अपडेटचं तसंच आहे. प्रत्येक अपडेटबरोबर एक यादी येते: हे अपडेट अमक्या जुन्या अपडेटची जागा घेतं, त्या जुन्यानं त्याच्या आधीच्याची घेतली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये सर्व्हिस पॅक १, म्हणजे तोवरच्या दुरुस्त्यांचा एकत्र संच आला, त्यानंतर साडेपाच वर्षं मायक्रोसॉफ्ट दर महिन्याला सुटी सुटी अपडेट काढत राहिली. सगळं एका गठ्ठ्यात देणारी मासिक पद्धत ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झाली. तोवर नुकत्याच टाकलेल्या सेव्हनला दोनशेहून जास्त अपडेट दिसायची आणि त्यांचे फेरफार एकमेकांत इतके गुंतलेले की अपडेट तपासणारा जुना प्रोग्रॅम त्यात बुडून जायचा. सर्व्हिस पॅक १ बरोबर आलेला हा तपासनीस एवढी लांब साखळी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलाच नव्हता.

म्हणून सगळ्यात आधी तपासनीस बदलायचा. बाकीचं नंतर.

ठीक आहे. नवीन टाकलेल्या सेव्हनवर नेमकं काय, कोणत्या क्रमानं टाकू?

फाइली दुसऱ्या, चालू कम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगच्या साइटवरून उतरवा आणि पेन ड्राइव्हवर घ्या. मायक्रोसॉफ्ट प्रत्येक अपडेटला 'केबी'नं सुरू होणारा नंबर देते. कॅटलॉगच्या शोधपट्टीत केबी आणि पुढचा आकडा टाकला की फाइल सापडते. सेव्हनवरूनच उतरवायच्या फंदात पडू नका, तिच्याबरोबर आलेला इंटरनेट एक्स्प्लोरर ८ आजच्या बहुतेक साइट उघडत नाही.

आधी सर्व्हिस पॅक १ आहे का ते बघा. स्टार्ट मेनूतल्या 'कम्प्युटर' या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि विंडोजच्या नावाखालीच 'सर्व्हिस पॅक १' असं लिहिलेलं दिसायला हवं. नसेल तर पहिलं काम तेच. त्याचा आकडा केबी ९७६९३२. ६४ बिटची फाइल नऊशे एमबीची आहे, ३२ बिटची साडेपाचशेच्या आत. सर्व्हिस पॅक नसलेल्या सेव्हनचा आधार ९ एप्रिल २०१३ लाच संपला होता, त्यामुळे तिच्यावर पुढचं काहीच बसत नाही.

त्यानंतर केबी ३०२०३६९. हा एप्रिल २०१५ चा सर्व्हिसिंग स्टॅक, म्हणजे अपडेट बसवणाऱ्या मिस्त्रीची नवी हत्यारं.

मग केबी ३१२५५७४. हे लोकांना माहीत नसतं आणि सगळ्यात जास्त वेळ हेच वाचवतं. सर्व्हिस पॅक १ पासून एप्रिल २०१६ पर्यंतची जवळजवळ सगळी अपडेट या एका फाइलीत आहेत. आधीचं ३०२०३६९ नसेल तर ती बसत नाही, म्हणून क्रम मोडू नका. बसायला वेळ घेते. जुन्या फिरत्या डिस्कवर पाऊण-एक तास धरून चला.

मग मार्च २०१९ चा सर्व्हिसिंग स्टॅक केबी ४४९०६२८. रिस्टार्ट. मग केबी ४४७४४१९. पुन्हा रिस्टार्ट. या दोघांबद्दल पुढे सविस्तर सांगतो, कारण आज अडकणारी निम्मी मशीन यांच्यापाशीच अडकतात.

शेवटी जानेवारी २०२० चा सर्व्हिसिंग स्टॅक केबी ४५३६९५२ आणि त्याच महिन्याचा मासिक गठ्ठा केबी ४५३४३१०. सर्वांना फुकट मिळालेला हा शेवटचा गठ्ठा.

एवढं झाल्यावर विंडोज अपडेट उघडून तपासणी लावा. जो हिशेब दिवसभर चालायचा तो आता बराच लवकर उरकतो आणि राहिलेली किरकोळ अपडेट दाखवतो.

आधीपासून अर्धवट अपडेट झालेलं मशीन असेल आणि मोठी फाइल टाकायची नसेल, तर ३०२०३६९ नंतर जुलै २०१६ चं केबी ३१७२६०५ टाकून बघा. त्यात तपासनिसाची नवी आवृत्ती आहे. इंटेलचं ब्लूटूथ असलेल्या काही लॅपटॉपवर मात्र या अपडेटनंतर ब्लूटूथ बंद पडायचं, तिथे इंटेलचा नवा ड्रायव्हर टाकावा लागतो.

माझी विंडोज ३२ बिट की ६४ बिट, हे कुठे कळतं?

त्याच प्रॉपर्टीजच्या पानावर, 'सिस्टीम टाइप' समोर. कॅटलॉगमध्ये ३२ बिटला एक्स ८६ म्हणतात आणि ६४ बिटला एक्स ६४. चुकीची फाइल चालवली तर 'हे अपडेट तुमच्या कम्प्युटरला लागू नाही' असा निरोप येतो. नुकसान काही होत नाही. हाच निरोप ते अपडेट आधीच बसलेलं असेल तेव्हाही येतो, त्यामुळे घाबरू नका.

पेन ड्राइव्हवरची फाइल चालवली तर तीही 'सर्चिंग फॉर अपडेट्स ऑन धिस कम्प्युटर' म्हणत बसते. हे काय?

कारण हातानं टाकलेली फाइलही त्याच तपासनिसाच्या हातून जाते, आणि तो आधीच्या हिशेबात गुंतलेला असतो. रांगेत एकच खिडकी आहे.

उपाय सोपा आहे. कंट्रोल पॅनेल, विंडोज अपडेट, चेंज सेटिंग्ज. तिथे 'कधीही तपासू नका' हा पर्याय निवडा. नेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. मशीन रिस्टार्ट करा आणि डेस्कटॉप आला की लगेच फाइल चालवा. दोन-पाच मिनिटांत ती पुढे सरकते.

इथे काही जण हुशारी करून सर्व्हिसेसच्या खिडकीत जाऊन विंडोज अपडेटची सर्व्हिस 'डिसेबल' करून टाकतात. तसं करू नका. मग हातानं टाकलेली फाइलही ८००७०४२२ हा एरर देऊन थांबते. सर्व्हिस थांबवणं वेगळं आणि कायमची बंद करणं वेगळं.

८००७२ईएफई असा एरर येतो. नेट तर व्यवस्थित चालू आहे.

नेटचा दोष नाही. इथे थोडं मागे जावं लागेल.

अपडेट खरोखर मायक्रोसॉफ्टकडूनच आलं आहे की नाही, हे कम्प्युटर डिजिटल सहीवरून ओळखतो. पूर्वी ही सही शा-१ पद्धतीची असे. ती पद्धत फोडता येते हे सिद्ध झाल्यावर सगळं जग शा-२ कडे गेलं. विंडोज सेव्हनला मुळात शा-२ ची सही अपडेटवर वाचता येत नव्हती, म्हणून मार्च २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ काढली. पहिल्यानं मिस्त्रीला नवी सही शिकवली, दुसऱ्यानं बाकीच्या सिस्टीमला. त्याच वर्षी उन्हाळा सरल्यावर सेव्हनची नवी अपडेट फक्त शा-२ सहीनं यायला लागली.

पुढे २०२० मध्ये अपडेट देणारे जुने शा-१ चे सर्व्हरच बंद झाले. आता कोरी सेव्हन टाकलीत आणि 'चेक फॉर अपडेट्स' दाबलंत की ती ज्या दारावर टकटक करते ते दारच उरलेलं नाही. पलीकडून कनेक्शन तोडलं जातं आणि ८००७२ईएफई दिसतो. राउटर बदलून, डीएनएस बदलून, नेट कंपनीशी भांडून काही होत नाही. वर सांगितलेल्या दोन फाइली हातानं टाका, दोनदा रिस्टार्ट करा, आणि नवं दार सापडतं.

४४७४४१९ ची फाइल सप्टेंबर २०१९ पर्यंत सुधारली जात होती. कॅटलॉगमध्ये तिच्या एकाहून जास्त नोंदी दिसल्या तर सगळ्यात अलीकडची घ्या.

८००९२००४ हा एररही याच घराण्यातला. नवी सही असलेला गठ्ठा या दोन फाइलींच्या आधी टाकायचा प्रयत्न केला की तो येतो.

८००७२एफ८एफ?

घड्याळ बघा! उजव्या कोपऱ्यातली तारीख २००९ किंवा अशीच जुनाट दिसेल. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलेला असतो, त्याचा नंबर बहुधा सीआर २०३२. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकीची असली की सुरक्षित कनेक्शनची प्रमाणपत्रं 'अजून सुरूच झालेली नाहीत' असं मशीनला वाटतं आणि ते सगळं नाकारतं. नुसती तारीख बदलून भागेल, पण लाइट गेली की पुन्हा तेच. सेलच टाका.

सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन नावाचं फोल्डर उडवा असं सगळेच सांगतात. उडवू का?

उडवू नका, नाव बदला. आणि तेही खरं अडकणं असेल तरच.

या फोल्डरमध्ये उतरवलेली अपडेट आणि तपासणीची नोंदवही असते. डाउनलोड मधेच तुटलं, वीज गेली, तर ही नोंदवही खराब होते आणि प्रत्येक तपासणी त्याच जागी ठेचकाळते. तेव्हा स्टार्ट मेनूच्या शोधपट्टीत 'सर्व्हिसेस' टाइप करून ती खिडकी उघडा. 'विंडोज अपडेट' आणि 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर' या दोन सर्व्हिस राइट क्लिक करून थांबवा. मग सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये जाऊन त्या फोल्डरच्या नावापुढे 'ओल्ड' जोडा. सर्व्हिस पुन्हा सुरू करा. विंडोज नवं कोरं फोल्डर तयार करते. अपडेट व्यवस्थित व्हायला लागली की आठवड्यानं जुनं फोल्डर काढून टाका, जागा मोकळी होते.

यानं झालेली अपडेट पुसली जात नाहीत, फक्त 'अपडेट हिस्टरी'चं पान रिकामं दिसतं. तपासणी मात्र पुन्हा पहिल्यापासून होते. म्हणूनच तपासनीस जुना असताना हा उपाय करण्यात अर्थ नसतो. घरभर पसारा तसाच आणि उंबरठा तेवढा धुतला, असं होतं.

८००७३७१२ किंवा ८००७०४९० आला तर?

इथे विंडोजच्या स्वतःच्या कोठारातच उंदीर शिरलेत. घटक जिथे साठवलेले असतात त्या विनएसएक्सएस फोल्डरमधली एखादी फाइल गहाळ किंवा खराब आहे.

आधी डिस्क तपासा. खराब होत चाललेल्या डिस्कवर विंडोज दुरुस्त करत बसणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं. डिस्क ठीक असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एसएफसी /स्कॅननाऊ' ही विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी आज्ञा चालवा. तेवढ्यानं झालं नाही तर केबी ९४७८२१ हे अपडेट-तयारीचं हत्यार उतरवून चालवा. दिसायला ते साध्या अपडेटसारखं बसतं, पण बसता बसता कोठार तपासतं आणि जमेल तेवढं दुरुस्त करतं. काय सापडलं ते विंडोज फोल्डरमधल्या लॉग्ज, त्यातल्या सीबीएस फोल्डरमध्ये 'चेकसर डॉट लॉग' या फाइलीत लिहून ठेवतं. लॉगमध्ये एखाद्या केबीची फाइल गहाळ म्हणून दाखवली असेल तर तेच अपडेट कॅटलॉगवरून आणून पुन्हा टाकल्यावर बऱ्याचदा काम होतं.

एक सावधगिरी. 'रिस्टोअरहेल्थ' असा शब्द असलेली डिस्म या विंडोजच्या दुरुस्ती-हत्याराची आज्ञा सगळीकडे सुचवलेली दिसेल. ती विंडोज ८ पासून पुढे आहे. सेव्हनवर ती चालत नाही आणि लोक उगाच समजतात की आपलं मशीन फारच बिघडलंय.

लॉगमध्ये गहाळ फाइलींची शे-दीडशेची यादी निघाली तर मी हात जोडतो. तिथे नव्यानं टाकणंच कमी वेळाचं.

रिस्टार्ट करताना 'प्रिपेअरिंग टू कॉन्फिगर विंडोज, डू नॉट टर्न ऑफ युवर कम्प्युटर' वरच थांबलंय. बटण दाबून बंद करू?

लगेच नाही. कॅबिनेटवरचा लाल किंवा नारिंगी दिवा बघा. लुकलुकत असेल तर चहा प्या, जेवा, झोपा. जुन्या डिस्कवर मोठा गठ्ठा बसायला तीन-चार तास लागलेले मी पाहिलेत. यूपीएस नसेल तर अपडेट लावण्याआधीच लाइटचं वेळापत्रक बघा. गावाकडे भारनियमनाच्या वेळेला अपडेट लावणं हा स्वतःहून ओढवून घेतलेला त्रास आहे. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर तो लॅपटॉप नाही, डेस्कटॉपच समजा.

दिवा रात्रभर शांत आहे, स्क्रीन तीच, तर आधी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून बघा. काही वेळा तेवढ्यानंच लॉगिनचा पडदा येतो. नाही आला तर पॉवर बटण दाबून धरा. पुन्हा सुरू करताना एफ ८ टिचकवत राहा आणि सेफ मोडमध्ये (फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) जा. बऱ्याचदा सेफ मोडमध्ये गेल्यावर विंडोज स्वतःच अर्धवट अपडेट मागे घेते. तेही जमलं नाही तर एफ ८ च्याच यादीतल्या 'रिपेअर युवर कम्प्युटर' मधून सिस्टीम रिस्टोअर करा.

शेवटचा उपाय त्याच दुरुस्तीच्या पडद्यावरचा कमांड प्रॉम्प्ट: 'डिस्म /इमेज:सी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स'. अर्धवट राहिलेली सगळी कामं ती रद्द करते. फक्त एक गंमत आहे. या पडद्यावर तुमचा सी ड्राइव्ह डी म्हणून दिसू शकतो, कारण सुरुवातीचं १०० एमबीचं राखीव पार्टिशन सी हे अक्षर पटकावतं. आधी 'डीआयआर सी:' टाकून विंडोज फोल्डर कुठे आहे ते बघा, मग त्याप्रमाणे अक्षर लिहा.

अपडेट बसतं, रिस्टार्ट होतं, आणि मग 'फेल्युअर टू कॉन्फिगर, रिव्हर्टिंग चेंजेस'. दरवेळी हेच.

कोणत्या महिन्याचा गठ्ठा टाकताय? फेब्रुवारी २०२० किंवा नंतरचा असेल, तर तो तुमच्यासाठी नाहीच. १४ जानेवारी २०२० नंतरची अपडेट पैसे भरून वाढीव मुदत घेतलेल्या संस्थांसाठी होती, आणि तीही १० जानेवारी २०२३ ला संपली. कॅटलॉगवरून ती कुणीही उतरवू शकतं, बसायलाही सुरुवात होते, पण रिस्टार्टच्या वेळी परवान्याची किल्ली सापडली नाही की सगळं उलटं फिरतं. अपडेट तुटलेलं नसतं, दारवान तिकीट मागत असतो.

जानेवारी २०२० किंवा त्याआधीचा गठ्ठाही असाच उलटत असेल तर अँटिव्हायरस काढून बघा, आणि सी ड्राइव्हवर जागा किती आहे ते बघा.

सी ड्राइव्ह लाल झालाय. जागा कशी करू?

डिस्क क्लीनअप उघडा, 'क्लीन अप सिस्टीम फाइल्स' दाबा, यादीत 'विंडोज अपडेट क्लीनअप' असेल तिथे टिक करा. यादीत तो पर्यायच नसेल तर केबी २८५२३८६ टाका, त्यानंतर तो येतो. जागा लगेच मिळत नाही, पुढच्या रिस्टार्टला मिळते, आणि तो रिस्टार्ट लांबतो. विनएसएक्सएस फोल्डरमध्ये हातानं काही डिलीट करू नका. फार मोठं दिसतं म्हणून ते अख्खंच्या अख्खं उडवणारा एक गिऱ्हाईक माझ्याकडे आला होता. विंडोज तर गेलीच, पण डेस्कटॉपवरची तीन वर्षांची बिलं काढायला आम्हाला रविवार गेला.

एकच जीबी रॅम आहे. काही करता येईल?

३२ बिट आणि एक जीबी म्हणजे तपासनीस मेमरी संपवून ८००७०००ई देणार, नाहीतर डिस्कवर घासत बसणार. जुनी डीडीआर २ किंवा डीडीआर ३ ची कांडी भंगारवाल्याकडे किंवा जुन्या मशीनमध्ये मिळते. दोन जीबी केली तरी फरक दिसतो.

शेवटचं अपडेट टाकलं आणि वॉलपेपर काळा झाला. क्रॅक पकडला गेला का?

नाही. जानेवारी २०२० च्या शेवटच्या गठ्ठ्यातच ती चूक होती. वॉलपेपर 'स्ट्रेच' वर ठेवलेला असेल तर तो काळा दिसायचा. आधार संपल्यावरही ही चूक निस्तरायला मायक्रोसॉफ्टनं सगळ्यांसाठी केबी ४५३९६०२ काढलं. नाहीतर 'फिल' किंवा 'फिट' निवडा, काम झालं.

आणि विंडोज खरोखरच क्रॅक मारलेली, म्हणजे परवाना न घेता चोरवाटेनं चालवलेली असेल तर?

तर अपडेट कधी बसेल, कधी मशीन सुरूच होणार नाही. क्रॅक बूटच्या फाइलींमध्ये हात घालतो, अपडेटही तिथेच हात घालतं. अशा मशीनवर मी अपडेटची हमी देत नाही. जुन्या ब्रँडेड लॅपटॉपच्या पोटाशी परवान्याचं स्टिकर असतं, ते झिजलं नसेल तर वाचून बघा. अनेकांकडे खरा परवाना असतो आणि दुकानदारानं सवयीनं क्रॅक मारलेला असतो.

एका क्लिकमध्ये अपडेट दुरुस्त करणारे प्रोग्रॅम वापरू?

नको. वर सांगितलेलीच चार कामं ते न विचारता करतात, आणि जाता जाता एखादा टूलबार ठेवून जातात.

रुपयाचं चिन्ह टाइप केलं की चौकोन येतो. हाही अपडेटचाच प्रश्न का?

हो! आणि हा माझा आवडता प्रश्न. रुपयाचं चिन्ह सरकारनं स्वीकारलं जुलै २०१० मध्ये, सेव्हन आली २००९ मध्ये. तिच्या फॉण्टमध्ये ते असणारच कसं? केबी २४९६८९८ या अपडेटनं ते आलं. भारतीय इंग्रजी कीबोर्ड निवडून उजवं ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ उमटतं. बिलं छापणाऱ्या मशीनवर बाकी काही नाही टाकलं तरी हे टाकाच. जुन्या मराठी पॅकेजच्या फॉण्टमध्ये मात्र ते चिन्ह यानं येत नाही, कारण ते फॉण्ट युनिकोडचे नाहीत.

सगळं बंद झालेल्या सिस्टीमवर २०२० पर्यंतची अपडेट टाकून फायदा तरी काय?

१४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टनं फाइल शेअरिंगमधली एक भोक बुजवणारं अपडेट दिलं. १२ मे ला वॉनाक्राय हा फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस आला आणि त्याच भोकातून जगभर शिरला. ज्यांची मशीन लॉक झाली त्यातली बहुतांश विंडोज सेव्हनची होती, म्हणजे औषध दोन महिने आधी घरात येऊन पडलेलं होतं. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या हा तसाच दुसरा व्हायरस आला, त्यानं हे भोकही वापरलं, आणि मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडल्यावर उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही विस्कळीत झालं. ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या. मे २०१९ मध्ये दूरून मशीन चालवण्याच्या सोयीत तसंच दुसरं भोक सापडलं, त्याचंही औषध सेव्हनला मिळालेलं आहे.

हल्लेखोर ही भोकं आजही शोधत असतात. कोरी सेव्हन नेटला लावणं आणि जानेवारी २०२० पर्यंतची सेव्हन लावणं यात फरक आहे. पण २०२० नंतर सापडलेली भोकं उघडीच आहेत, हेही खरं. म्हणून माझा नियम: प्लॉटर, वजनकाटा, लॅबचं मशीन चालवायचं असेल तर सेव्हन ठेवा आणि तिला नेटपासून तोडा. बँक, जीएसटी, सरकारी पोर्टल त्या मशीनवर नको. क्रोमची सेव्हनवर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, तीही २०२३ च्या सुरुवातीची.

मग विंडोज १० टाकू?

तिचाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ तुमच्या त्या मशीनवर अधिकृतपणे बसणार नाही. फक्त नेट आणि पत्रव्यवहार करायचा असेल, चार जीबी रॅम असेल, तर लिनक्स मिंट टाकून बघा. मराठी युनिकोड टायपिंग तिथे छान चालतं. डोंगल मात्र चालणार नाही.

सगळी अपडेट एकदाची झाली. आता पुन्हा कधी फॉरमॅट मारावा लागला तर हेच सगळं?

नाही, जर आजच एक तास दिलात तर. कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर' उघडा, डावीकडे 'क्रिएट अ सिस्टीम इमेज' आहे. बाहेरची हार्ड डिस्क जोडा आणि सी ड्राइव्हची प्रतिमा तिच्यावर घ्या. त्याच पानावरून दुरुस्तीची डीव्हीडीही बनवून घ्या. मशीनमधला डीव्हीडी ड्राइव्ह चालतो का ते आधी बघा, नाहीतर सेव्हनचा इन्स्टॉल पेन ड्राइव्ह जवळ ठेवा, त्यातूनही तोच दुरुस्तीचा पडदा उघडतो. प्रतिमा घेण्याआधी विंडोज अपडेट 'कधीही तपासू नका' वर करा, प्रिंटरचे ड्रायव्हर आणि मराठीचं पॅकेज टाकून घ्या. डिस्कवर मार्करनं तारीख आणि '३२' की '६४' ते लिहा. माझ्या कपाटात अशा सहा डिस्क आहेत आणि त्यातल्या दोनवर मी हे लिहिलेलं नाही.